डाळीचं पहिलं पाणी

शनिवार, ता. ८ मे १९५४

खडे! अनुसयाबाईंच्या गाडग्यात आज ज्वारीबरोबर खडे निघाले. पाटलाच्या घरची बाई, दारात चार बैलजोड्या, आणि आठवड्याच्या सात मुठींतली एक मूठ खड्यांची!

तोंडावर विचारलं. हसल्या. "अवं सुलोचनाबाई, त्याईले चालते. त्याईचे दात मजबूत असते."

मागच्या साली ज्वारी काळी पडली. शेतात मजुरी नाही. म्हणून आमच्या आंजी गावात घरोघर गाडगी ठेवली. रोज चूल पेटवायच्या आधी एक मूठ धान्य त्यात टाकायचं. शनिवारी आम्ही चार बायांनी ते गोळा करून शाळेमागच्या खोलीतून नाल्यापलीकडच्या गोंडवस्तीला वाटायचं. सतरा घरं फक्त. अख्ख्या गावाला सतरा घरं जड झाली!

दोन तास सूप घेऊन बसले. हे बाहेरून आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज कोणाचा नंबर लागला?" मी सूप आपटलं. एवढे मास्तर, पण कधी गप्प बसावं हे यांना कोणी शिकवलेलं नाही.

सोमवार, १० मे

नुसत्या ज्वारीवर माणूस जगतो, पण त्याच्या अंगात ताकद येत नाही. मागच्या वर्षी वर्ध्याच्या आहारवर्गात पंधरा दिवस आम्हाला हेच तर शिकवलं. डाळ हवी. डाळ हवीच.

आमच्या या धान्यकेंद्राचे अध्यक्ष बंडूजी. सिंदीला धान्याचं मोठं दुकान, कोठारात डाळीच्या थप्प्या. आमच्याकडे वर्षातून एकदा येतात ते हार घालून घ्यायला. त्यांना पत्र टाकलं. यांनी वाचलं आणि म्हणाले, "'सविनय' लिहायचं राहिलं." राहिलं नाही. लिहिलंच नाही.

शनिवार, १५ मे

बंडूजी आले. खुर्ची आणली, चहा आणला, पंखा घेऊन एक बाई मागे उभी!

"बाई, फुकटात ज्वारी भेटून राह्यली, आता डाळ कायले? उद्या तूप मागतीन."

म्हटलं, "तूप तुम्ही खा. डाळ त्यांना द्या."

चेहरा पडला. मग सगळ्यांकडे बघून हसले, "धर्माची गाय अन् दात का गं नाय!" सगळ्या खी-खी करून हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "दात नसले तर नसू देत. गाय तरी जिवंत राहावी ना?"

चहा तसाच राहिला. निघताना म्हणाले, "धाडतो दहा पोते. आता तं राग सोडा."

डाळ दारात पडल्याशिवाय नाही सोडणार.

गुरुवार, २० मे

आली! दहाच्या दहा पोती.

पण तूर नाही, लाखोळी. भंडाऱ्याकडे धानाच्या बांध्यांत होते ती, चपट्या कोनाकोनाच्या दाण्यांची, सगळ्यांत स्वस्त. बंडूजींच्या घरी ही कोणी ताटात घेणार नाही. तूर कोठारात ठेवली आणि लाखोळी दान केली. आयजीच्या जिवावर बायजी उदार! बंडूजी तर स्वतःच्या मालावरसुद्धा उदार नाहीत.

वर्गाची वही काढून बघितली. "सर्व डाळींत सत्त्व असते." सर्व म्हणजे लाखोळीतही असणार. बरं. डाळ ती डाळ.

शनिवार, २२ मे

घरटी दोन शेर डाळ दिली. धुरपतानं पदरात घेतली आणि डोळे पुसले. ही जंगलूची बायको. पंचविशीची असेल, दोन लहान पोरी. जंगलू जंगलातून मोळी बांधतो, डोक्यावर घेऊन सहा कोस वर्ध्याला चालत जातो, विकून चालत परत. दोघांनी एकमेकांना कधी एक शब्द वाकडा बोललेला मी ऐकला नाही.

धुरपता म्हणाली, "आमचं पोट याच्या पायावर हाय, बाई. डाळ भेटली, आता पाय चालतीन."

आज वर्षातून पहिल्यांदा कोणावर चिडले नाही. यांनी विचारलं, बरं नाही का?

मंगळवार, २५ मे

डाळ कशी शिजवतात म्हणून बघायला गेले आणि काय बघितलं!

वस्तीतल्या म्हाताऱ्या सखूबुढीच्या अंगणात मडकं चुलीवर. डाळीला उकळी आली तशी तिनं मडकं उतरवलं, तोंडाला झाकणी लावली आणि दाराजवळ सगळं पाणी भुईवर ओतून दिलं. पिवळंधमक पाणी! मग दुसरं पाणी घालून परत चुलीवर.

"सखूबाई! हे काय?"

"पह्यलं पाणी भुईचं असते, बाई."

"भुईचं म्हणजे?"

"भुईचं. आमच्या आजीपासून हाय."

शेजारच्या दारी बघितलं, तिथंही ओलं. त्याच्या शेजारी तेच. सतराही दारांत ओल्या भुईवर कोंबड्या उकरत होत्या. धुरपताच्याही.

त्या पाण्यातच तर सगळं सत्त्व! दहा पोत्यांसाठी मी त्या माणसाशी भांडले, ते भुईला पाजायला? घरी येऊन यांना सगळं सांगितलं.

गुरुवार, २७ मे

हे म्हणाले, "जुनं माणूस आहे, काही कारण असेल."

"कारण सांगितलं की! भुईचं म्हणे!"

"तिनं भुईचं म्हटलं. कारण नाही असं कुठे म्हटलं?"

असली कोडी वर्गात घाला म्हटलं. भाजीत मीठ घातलं की नाही आठवत नाही. यांनी मुकाट्यानं खाल्ली.

शनिवार, २९ मे

आज वाटपाआधी सगळ्यांना ओळीनं बसवलं. वही हातात घेऊन अर्धा तास समजावलं. भाताची पेज फेकू नका, भाजीचं पाणी फेकू नका, डाळीचं तर मुळीच नाही. सत्त्व पाण्यात उतरतं, तुम्ही ते भुईला घालता आणि चोथा खाता. समोर सगळे चेहरे दगडी. शेवटी मी सांगून टाकलं, जिच्या दारात पाणी दिसेल तिची डाळ बंद!

सखूबुढी धुरपताकडे वळून गोंडीत काहीतरी म्हणाली. बायांनी पदर तोंडाला लावले. हसत होत्या!

"काय म्हणाल्या?"

"काई नाई, बाई."

मला यांची भाषा येत नाही, पण हसणं कळतं. यांच्यासाठी खडे निवडते, यांच्यासाठी भांडते, पाटलीण मला गावभर 'गोंडांची सासू' म्हणते, आणि या हसतात! धुरपता तेवढी हसली नाही. खाली मान घालून बसली होती.

शनिवार, ५ जून

सगळी दारं कोरडी. सतराही! रागावल्याशिवाय या जगात काही होत नाही.

धुरपताचं अंगण तर काय सारवलेलं! म्हणाली, "तुमी सांगतलं तं मी नाई फेकत, बाई. तुमी शिकेल हाय." मडकं उघडून दाखवलं. दाट, पिवळी डाळ, पाण्यासकट. मी केंद्रात तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हटलं, हिच्याकडून शिका. ती लाजून पदराचं टोक चावत होती. घरचा गुळाचा खडा दिला पोरींसाठी.

सखूबुढी माझ्याकडे बघत होती. बघू दे.

शनिवार, २६ जून

पाऊस लागला. अनुसयाबाईंचं गाडगं आज फुटलं म्हणे. पाटलाच्या घरी गाडग्यांचा दुष्काळ! मी घरातलं नेऊन त्यांच्या ओट्यावर ठेवून आले. वर झाकणीही ठेवली.

शनिवार, १७ जुलै

ज्वारी संपली. पेरणीच्या दिवसांत गावालाच तंगी, एकेका गाडग्यात बोटभर दाणे. पाच घरांनी तर गाडगी उलटी करून ठेवली. बोलायला गेले तर म्हणतात, "आमाले नाई, त्याईले कुठून देऊ?" खरं आहे तेही. तरी चिडले.

आता डाळच. दोनच्या जागी चार शेर देतो. वस्तीत सकाळी डाळीच्या घुगऱ्या, दुपारी घट्ट डाळ, रात्री पातळ डाळ. बंडूजींच्या दहा पोत्यांवर सतरा घरं तरली. आणि ती पोती आणली कोणी? — जाऊ दे. लिहिलं तर फुशारकी होईल.

शनिवार, २४ जुलै

जंगलू आज धुरपताबरोबर आला. पायरी चढताना पाय आडवे पडले, धडपडला, पोत्यावर जाऊन आदळला.

अनुसयाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "घ्या! मोहाची चढवून आला."

दारूबंदीच्या जिल्ह्यात, दानाचं धान्य घ्यायला, भर सकाळी! मला इतकी शरम वाटली की धुरपताकडे बघवेना. तिनंही माझ्याकडे बघितलं नाही. डाळ बांधून त्याला धरून घेऊन गेली.

शनिवार, ३१ जुलै

जंगलूला बोलावून चांगलं झापलं. दोन पोरी आहेत, लाज वाटत नाही?

"पेलो नाई, बाई. पोरीईची आन. सकाई उठलो का पिंढऱ्या लाकडावानी होते. पाय मायं ऐकतच नाई."

पिणारे सगळे असंच म्हणतात. जवळ जाऊन वास घेतला. आला नाही. मला सर्दी होती म्हणा.

शनिवार, ७ ऑगस्ट

आठवडाभर जंगलू मोळी घेऊन गेला नाही. धुरपता पाटलाच्या शेतात तण निंदायला जाते, तिच्यावर घर चाललंय. अनुसयाबाई आज म्हणाल्या, पिणाऱ्याच्या घरी दान नको, नाव काढा.

मग माझा तोल गेला. पितो तो, उपाशी मरायचं बायकोनं आणि पोरींनी? तुमच्या घरात कोण काय पितं ते काढू का बाहेर? — बोलू नये ते बोलले. यांनी नंतर समजूत घातली पाटलाची. घालू देत.

नाव काढलं नाहीच. उलट धुरपताला दोन शेर जास्त दिले. बाजूला घेऊन सांगितलं, डाळीचं पाणी आधी त्याला पाजत जा, गेलेली ताकद भरून येईल. म्हणाली, "पाजतोच, बाई. वरचं सारं पाणी त्यालेच देतो. मी अन् पोरी खालची डाळ खातो."

अशी बायको आणि असा नवरा!

शुक्रवार, २७ ऑगस्ट

उद्या पोळा. गावात झुली, बेगड, शिंगांना रंग. मी वस्तीत गेले होते.

जंगलू दोन काठ्यांवर अंगण ओलांडत होता. टाचा भुईला टेकत नव्हत्या. चवड्यांवर चालत होता, गुडघे एकमेकांत अडकत होते. कुंपणाशी उभे गडी हसत होते, "पाह्य, पोळ्याच्या आधीच चढली!"

मी उभी राहून बघितलं. सकाळचे सात. दारू कधीतरी उतरते ना? बोलणं स्वच्छ. डोळे स्वच्छ. मला बघून लाजला आणि खाली बसायला लागला, तर बसताही येईना.

सखूबुढी जवळ आली. "बाई, त्याले लंगड लागली."

"लंगड म्हणजे?"

काही बोलणार होती. मग आत निघून गेली.

हसणाऱ्या गड्यांवर ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. महिनाभर तेच तर मी म्हणत होते. यांना सांगितलं. चिडवलं नाही. म्हणाले, छकडा बघतो, वर्ध्याला नेऊ.

गुरुवार, ९ सप्टेंबर

नाल्याला पूर, म्हणून इतके दिवस गेले. आज नेलं.

डॉक्टर मधुकरराव आमच्या ह्यांच्या ओळखीचे. गुडघ्यावर ठोकलं तर पाय झटकन उडाला. तळवा ओरखडून बघितला. उभं केलं, चालवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दारू कोणी सांगितली?"

धुरपताला विचारलं, घरात काय शिजतं? "डाळ, साहेब." कोणती? "लाखोळी." रोज? "रोज." किती महिने? तिनं बोटं मोजली. मेपासून.

त्यांनी चष्मा काढला. लाखोळीत विष असतं म्हणाले, थोडी खाल्ली तर चालून जातं, पण महिनोन्‌महिने तीच खाल्ली की पाय जातात. तरण्या पुरुषांचे आधी. यापुढे एक दाणाही नको, म्हणजे वाढणार नाही. पण गेलेले पाय परत येत नाहीत.

जंगलूनं विचारलं, "मंग मोळी?"

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत राहिले. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

परतीच्या छकड्यात धुरपतानं त्याचे पाय मांडीवर घेतले होते, खड्ड्यांत हिसके बसू नयेत म्हणून. महिनाभर मी त्या माणसाला दारुड्या म्हणत होते! पण विष? विष कोणी दिलं? बंडूजी! तूर कोठारात आणि विष धर्मादाय! उद्या सिंदी.

शुक्रवार, १० सप्टेंबर

दुकानात गिऱ्हाइकं होती, म्हणून बरं झालं. सगळ्यांसमोर बोलले. माणसं लुळी करायला दान दिलंत? तुमच्या पोराच्या ताटात वाढाल का? असं खूप. माझा आवाज मलाच ऐकू येत होता.

बंडूजी गादीवरून उठले. चिडले नाहीत. मला वाटतं खरंच घाबरले होते.

"बाई, आईची शपथ, मले काय माईत असं होईन? तिकडे अर्धा मुलूख खाऊन राह्यला लाखोळी. माया बापानं खाल्ली. उकळली का पह्यलं पाणी फेकून देते लोकं, मंग खाते. थे पाणीच वाईट असते, बाई. वस्तीतल्या लोकाईले तं माईतच असते. कोणाच्या घरी बी कोणी पाणी ठेवत नाई! यानं काऊन ठेवलं?"

त्यांनी तूर दिली असती तर हे झालंच नसतं. हे मी म्हणायला हवं होतं. अजूनही म्हणेन. सगळं दुकान माझ्या उत्तराची वाट बघत होतं.

गड्याला त्यांनी माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. मी न पिताच निघाले.

शनिवार, ११ सप्टेंबर

आज वाटप नाही. खोलीला कुलूप.

पह्यलं पाणी भुईचं. भुईचं म्हणजे माणसाचं नाही. एवढंच तर ती म्हणत होती! आजीपासून सांगत आलेल्या माणसाला मी पंधरा दिवसांची वही दाखवली. दमदाटी केली. डाळ बंद करीन म्हटलं. वरचं पाणी नवऱ्याला पाज म्हणून सांगितलं, सांगितलं मीच! बंडूजी कोण आणि मी कोण? त्यांनी पोती दिली, मी पाजलं.

वही चुलीत घातली. काय उपयोग.

सतरा घरं. सतराही घरांत मी सांगितलंय. सगळी दारं कोरडी बघून आनंदानं नाचले होते. म्हणजे प्रत्येक घरात कोणी ना कोणी — सकाळी उठून किती जणांच्या पिंढऱ्या आखडत असतील? लाजेनं मला सांगत नसतील. उद्या घरोघर जाणार. पाया पडून सांगणार, फेका. केंद्रानं काही म्हणो, घरची तूर नेणार.

एकदा तरी चिडवावं यांनी, असं वाटलं.

रविवार, १२ सप्टेंबर

सोळा घरं झाली. सोळाही घरांत सगळ्यांचे पाय धड. माणसं धावत येऊन दाखवत होती.

हात जोडून सांगितलं, पहिलं पाणी फेका. सखूबुढी म्हणाली, "आमी तं फेकतच होतो, बाई. मांगच्या दारी. समोर फेकलं तं तुमी डाळ बंद करसान म्हून." मी दमदाटी केली त्या शनिवारी गोंडीत हेच म्हणाली होती ती. बाईले हाव म्हणा अन् पाणी मांगं टाका.

धुरपता तेव्हा हसली नव्हती.

सतरा घरांत माझं ऐकलं ते एका घरानं.

सतराव्या घरी ती दारातच उभी होती, रिकामं मडकं हातात. म्हणाली, "बाई, आता कसं करू? तुमी सांगसान तसं करतो."